डावी बाजू मास्तरांची

गाडी शिकवणाऱ्याच्या बायकोलाच गाडी येऊ नये, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. मास्तरांच्या घरी हा अंधार लग्नापासून नांदत होता.

बाहेर मात्र उजेडच उजेड. अर्ध्या शहराला मास्तरांनी गाडी शिकवली होती. त्यात वकील होते, दातांचे डॉक्टर होते, एक निवृत्त न्यायाधीश होते, ज्यांना क्लच आणि गिअर यांच्यातला वाद शेवटपर्यंत मिटवता आला नाही. मास्तर शिष्यांची नावं लक्षात ठेवत नसत, त्यांच्या चुका लक्षात ठेवत. एका मुलीने गाडी मागे घेताना रोपवाटिकेच्या दारातली कुंड्यांची अख्खी रांग आडवी केली होती. पुढे ती शिकली, मोठी झाली, शहरात नाव काढलं, पण मास्तरांच्या लेखी ती कायमची ‘कुंड्यावाली’च राहिली.

बायकोने विषय काढला की मास्तर म्हणायचे, “तुला कशाला हवी गाडी? मी आहे ना!” हे वाक्य ऐकायला प्रेमाचं वाटतं, म्हणून तीस वर्षं खपलं. मग मास्तरीणबाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या आणि थेट ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काउंटरवर मास्तरांचा भाचा होता. तोही गाडी शिकवायचा, पण अवघड गिऱ्हाइकं मास्तर त्याच्या हाती कधी द्यायचे नाहीत. त्याने मामीला मुकाट्याने पावती फाडून दिली आणि मामा येण्याआधी जेवायला पळाला.

“मला विचारायचंस तरी,” मास्तर म्हणाले.

“तीस वर्षं विचारलं की,” बाई म्हणाल्या. बाईंचा आवाज अगदी बारीक. जन्मभर ग्रंथालयात काढल्यावर मोठ्याने बोलायची गरजच उरत नाही. त्या हळू बोलल्या की समोरचा आपोआप गप्प बसे.

तर शिकवणी सुरू झाली.

मास्तरांच्या गाडीत एक शिस्त होती. किल्ली फिरवण्याआधी शिकणाऱ्याने म्हणायचं, “उजवी माझी.” मग शेजारी बसलेले मास्तर म्हणायचे, “डावी माझी.” मगच किल्ली. न्यायाधीशांनाही यातून सूट नव्हती. कारण साधं होतं. नवशिक्याला चारी दिशांना बघ म्हटलं की तो घाबरून कुठेच बघत नाही. म्हणून त्याने आधी समोर आणि उजवीकडे बघावं, डावी बाजू मास्तर सांभाळणार. मास्तरांच्या पायाखाली त्यांचा वेगळा ब्रेक होता. हात बसला की हळूहळू डावीही शिकणाऱ्याच्या ताब्यात द्यायची, हा त्या शाळेतला पदवीदान समारंभ.

आणि तो पाय! मास्तरांचा उजवा पाय ही त्या शहरातली एक प्रतिष्ठित व्यक्ती होती. डोळ्याआधी पायाला कळतं, असं लोक म्हणत. त्या पायाला सुट्टी माहीत नव्हती. टीव्हीवर कुणी जोरात धावत आलं की पाय दबे. लिफ्ट खाली जाऊ लागली की पाय दबे. न्हाव्याने वस्तरा काढला की खुर्चीच्या पायरीवर पाय असा काही दबे की न्हावीच दचके.

बाई शिकत होत्या छान. वेग कमी, पण हात स्थिर. मास्तर शेजारून ओरडत, “नजर फिरती ठेव! नाकासमोर बघणाऱ्याचा कपाळमोक्ष ठरलेला! मान वळव, मान!” आणि सांगता सांगता स्वतःही मान गरागरा वळवत. ती सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की देवळात जा, बँकेत जा, मास्तर चारी बाजूंना मान वळवल्याशिवाय आत शिरत नसत.

घोटाळा झाला तो पोस्टामागच्या गल्लीत. सकाळची वेळ, रस्ता रिकामा, डावीकडे टेम्पो उभे. गाडी आरामात चालली होती. एवढ्यात दोन टेम्पोंच्या मधून, डाव्या बाजूने, एक आजोबा काठी टेकत रस्त्यावर उतरले. बगलेत वर्तमानपत्र, नजर आपल्याच चपलांवर.

मास्तरांचा पाय हलला नाही.

ब्रेक बाईंनी दाबला. गाडी कचकन थांबली, मास्तरांचा चष्म्याचा डबा पायाशी पडला, आजोबांनी काठी उगारून दोघांच्या सात पिढ्यांची चौकशी केली आणि ते पलीकडे निघून गेले.

“ब्रेक का दाबलास?” मास्तर म्हणाले.

“अहो, माणूस होता!”

“दिसला होता मला. डावी बाजू कुणाची? माझी. मी बघत होतो तू काय करतेस ते. परीक्षा होती तुझी.”

“परीक्षा?”

“हो. पास झालीस.”

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. ग्रंथालयात कुणी पुस्तकातलं चित्र फाडून, काहीच न झाल्यासारखं पुस्तक परत करायला आलं की त्या असंच बघत. पहिला गिअर टाकला आणि गाडी घराकडे घेतली.

खरं सांगायचं तर मास्तरांना आजोबा दिसलेच नव्हते. नव्हते, नव्हते, आणि एकदम समोरच्या काचेत होते, जमिनीतून उगवल्यासारखे. हल्ली बरंच काही असं उगवत होतं. परवा एक सायकलवाला उगवला. त्याआधी कचऱ्याची पेटी. मास्तरांनी प्रत्येक वेळी दोष उगवणाऱ्याला दिला होता. लोकांना रस्त्यावर चालायची अक्कल राहिलेली नाही, सायकलींना घंटा राहिलेल्या नाहीत, नगरपालिका पेट्या कुठेही ठेवते. पण आज आजोबांना दोष देऊन भागेना. डावी सीट सोडली तर या जगात आपण कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, आणि पडू द्यायचाही नव्हता.

चोराच्या मनात चांदणं. घरी आल्यावर ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग म्हणाले, छे, बारीक अक्षर तर वाचता येतंय. आणि खरंच, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं त्यांनी घडाघडा वाचून दाखवली. डोळे ठणठणीत आहेत, याला आणखी पुरावा काय हवा?

बाईंना मात्र वेगळा पुरावा हवा होता. त्यांनी घरातल्या घरात गुपचूप चाचणी घेतली. साखरेचा डबा नेहमीच्या जागेवरून उचलून मास्तरांच्या अगदी डाव्या कडेला ठेवला.

“साखर कुठे गेली?” मास्तर ओरडले.

“आहे तिथेच.”

मास्तरांनी मान वळवली, डबा सापडला. “हा काय! हातभर लांब ठेवल्यावर दिसणार कसा?”

दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या. त्याला कोपर लागून टेबलभर पाणी झालं. बाईंनी फडकं आणलं, टेबल पुसलं आणि पुसता पुसता मास्तरांच्या डाव्या खांद्याकडे बघितलं. शर्टाच्या त्या बाहीला दाराच्या चौकटीचा रंग लागला होता. उजवी बाही स्वच्छ. त्या दिवसापासून गाडीत मास्तरांनी “डावी माझी” म्हटलं तरी बाई गपचूप डावीकडेही बघू लागल्या.

आता नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे मांजराला आंघोळ घालण्यासारखं. सरळ सांगून उपयोग नव्हता. बाईंनी सरळ सांगितलंच नाही.

“लायसन्ससाठी डोळ्यांचा दाखला घ्यायचाय. येता का बरोबर?”

“भाच्याला घेऊन जा.”

“त्याला जमेलसं वाटत नाही. तिथे पार्किंग फार अवघड आहे म्हणे.”

मास्तर उठून शर्ट बदलायला गेले.

पार्किंग अजिबात अवघड नव्हतं. दवाखान्यासमोर एवढं मोठं मोकळं आवार होतं की तिथे ट्रकही गोल फिरला असता. मास्तरांना काहीतरी शिजतंय याचा वास आला, पण तोवर ते आत बाकावर बसले होते. आतून डॉक्टर बाहेर आल्या आणि मास्तरांचा जबडाच खाली आला.

“कुंड्यावाली!”

“या मास्तर,” डॉक्टर हसून म्हणाल्या. “कुंड्यांचे पैसे फिटले हो सगळे.”

बाईंचे डोळे तपासून झाले. उत्तम निघाले. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली आणि खुर्ची मास्तरांकडे वळवली. “आता तुम्ही.”

“मी नुसता सोबत आलोय.”

“बसा,” बाई म्हणाल्या. हळूच. मास्तर बसले.

पहिल्या यंत्राने डोळ्यावर हवेची बारीकशी फुंकर मारली. मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर धाडकन आदळला. दुसऱ्या फुंकरीलाही तेच. डॉक्टरांनी आकडा बघितला, मग दुसऱ्या साधनाने पुन्हा मोजला, मग डोळ्यात थेंब टाकून त्यावर एक लहानशी भिंगाची टोपी टेकवली आणि बराच वेळ आत डोकावत राहिल्या. धप्, धप्, असे मास्तरांच्या पायाचे आवाज चालूच होते.

“डोळ्यातला दाब जास्त आहे, मास्तर. डाव्यात तर बराच.”

“दाब? डोळ्यात? रक्ताचा माझा व्यवस्थित आहे.”

“हा वेगळा. डोळ्याच्या आत एक पाणी असतं. ते सतत तयार होतं आणि सतत बाहेर जातं. तुमचं बाहेर जायचं जरा मंदावलंय. निचरा नीट होत नाही.”

मास्तर मोठ्याने हसले. “काहीतरीच! माझ्या डोळ्यांना ऊठसूट पाणी येतं. वारा लागला की पाणी, जांभई आली की पाणी. निचरा झकास आहे!”

“ते अश्रू. ते बाहेरचं पाणी. गाडी धुतली, टपावरून पाणी ओघळलं, म्हणून रेडिएटर ठीक आहे असं तुम्ही म्हणाल?”

रेडिएटरचं नाव काढल्यावर मास्तरांना उलट बोलता येईना.

“ते दुमजली पार्किंग आठवतं, जिथे तुम्ही मला मागे घ्यायला शिकवलंत?”

“तिथे तू खांबाला...”

“खांब राहू द्या. आत यायचं फाटक कायम उघडं, गाड्या येतच राहतात. आणि बाहेर जायचं फाटक अडखळत उघडलं तर?”

“तर आत तुंबणार. मागचे पुढच्यांना रेटणार, पार भिंतीपर्यंत.”

“झालं. डोळ्यात अगदी तेच. बुबुळाच्या मागे हे पाणी तयार होतं, बाहुलीतून पुढे येतं, आणि बुबुळाच्या कडेला, कोपऱ्यात, एक बारीक जाळी असते तिथून गाळून रक्तात जातं. तुमचा कोपरा उघडा आहे, मी आता भिंगातून बघितला. पण जाळी सुस्तावलीय. येणारं येतंय, जाणारं पुरतं जात नाही. मग आतला दाब वाढतो. आणि मागच्या भिंतीवर कोण आहे माहीत आहे? डोळ्याची नस. दिसलेलं सगळं मेंदूला पोचवणारी. ती बिचारी दबत राहते. दुखत नाही, लाल होत नाही, कळतही नाही. याला काचबिंदू म्हणतात.”

“मग यायचं फाटक बंद करा की. मी पाणी कमी पितो.”

“पिण्याच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. आणि पूर्ण बंद करून चालत नाही, त्या पाण्यावरच आतला भाग जगतो. औषधाने येणं थोडं कमी करता येतं, जाणं थोडं सोपं करता येतं. पण आधी नसेचं किती नुकसान झालंय ते बघू. पलीकडच्या खोलीत चला.”

पलीकडच्या खोलीत अंधार होता आणि एक पांढरं, अर्ध्या कलिंगडासारखं पोकळ यंत्र. ते चालवणाऱ्या ताईंनी मास्तरांची हनुवटी आधारावर ठेवली, उजवा डोळा पट्टीने झाकला आणि हातात एक बटण दिलं. मध्ये पिवळा ठिपका, त्याच्याकडेच बघायचं. बाजूला कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सगळे दिवे दिसतीलच असं नाही, काही मुद्दामच मंद असतात, घाबरायचं नाही.

परीक्षा सुरू झाली. ताई पडद्याकडे बघत राहिल्या. मास्तर बटण दाबतच नव्हते. खोलीत आवाज मात्र येत होता. धप्. धप्. धप्.

“काका,” ताई म्हणाल्या, “तुम्हाला दिवे दिसतायत का?”

“दिसतायत की! प्रत्येक वेळी दाबतोय!”

“तुम्ही पाय दाबताय, काका. मशीनला पाय कळत नाही.”

दाराशी बसलेल्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला.

पुन्हा सुरुवात. आता मास्तरांनी पाय खुर्चीच्या दांडीमागे अडकवून ठेवला आणि अंगठ्यावर सगळं लक्ष आणलं. टक, टक, टक! बटण असं वाजत होतं की टायपिंगची परीक्षा चालली आहे असं वाटावं. मास्तरांच्या चेहऱ्यावर विजयाचं हसू पसरलं. शंभर टक्के! पण यंत्राने कुरकुर करून तो निकालच नापास केला. ताईंनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी पडद्यावर मास्तरांच्या डोळ्याची हालचाल बघितली. डोळा पिवळ्या ठिपक्यावर क्षणभर टिकत नव्हता. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सगळीकडे गस्त घालत होता. हनुवटीसुद्धा आधारावरून सरकली होती.

डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हे वाक्य म्हणायची संधी त्या कुंड्यांच्या दिवसापासून शोधत असाव्यात.

“मास्तर, मान वळवू नका!”

“अगं, पण नजर फिरती नको का ठेवायला?”

“नको. जन्मभर फिरवलीत. आता फक्त समोर. तुमची ही फिरती नजर आणि ही मान, यांनीच तर आजपर्यंत सगळं झाकून ठेवलंय. जिथे दिसत नाही तिकडे तुम्ही दिसायच्या आधीच वळून बघता. म्हणून कळलं नाही तुम्हाला. आज मला तुम्ही न वळता काय दिसतं ते हवंय.”

तिसऱ्यांदा सुरुवात झाली. मास्तरांनी हनुवटी टेकवली आणि पिवळ्या ठिपक्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. डोळा डावीकडे पळायला बघत होता, त्याला त्यांनी एखाद्या आडदांड शिष्यासारखा धरून ठेवला. मध्ये एक दिवा लुकलुकला, टक. उजवीकडे एक, टक. मग काही नाही. मास्तर वाट बघत राहिले. पुन्हा काही नाही. पिवळा ठिपका तेवढा शांत बसून होता.

“ताई, मशीन बंद पडलं वाटतं.”

“चालू आहे, काका. बघत राहा.”

दिवे लागत होते. कुठेतरी आत्ता, या क्षणाला, डावीकडे दिवे लागत होते आणि विझत होते, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. काळोखही दिसत नव्हता. काळोख दिसला असता तर बरं झालं असतं. तिथे काहीच नव्हतं, आणि काहीच नाही हेसुद्धा त्यांना इतके दिवस कळलं नव्हतं. त्यांना पोस्टामागची गल्ली आठवली. काठी, वर्तमानपत्र, चपलांकडे बघत उतरणारे आजोबा. त्या आजोबांचं नशीब त्या सकाळी मास्तरांच्या पायात नव्हतं, बायकोच्या पायात होतं. खुर्चीच्या दांडीमागे अडकवलेला पाय आपोआप सुटला आणि जमिनीवर ठेवला गेला, आवाज न करता.

मग पट्टी बदलून उजवा डोळाही तपासला गेला. निकालाच्या कागदावर उजव्या डोळ्याचं चित्र बरंचसं उजळ होतं, एखाद्या कडेला करडं. डाव्या डोळ्याचं चित्र मध्यभागी उजळ आणि डाव्या अंगाला काळंभोर.

“मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणून बारीक अक्षर वाचता येतं आणि माणूस निर्धास्त राहतो. जे गेलंय ते परत येणार नाही, मास्तर. खोटं सांगत नाही. पण जे आहे ते राखता येईल. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. न चुकता, जन्मभर. दाब उतरला नाही तर लेझरने जाळी मोकळी करून बघू. उजवा डोळा चांगला आहे, त्याला आपण डोळ्यात तेल घालून जपू.”

“थेंबांचं ठीक आहे,” मास्तर म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. “आणि माझी सीट?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “नाही. ती सीट नाही. दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. तुम्ही शिकवा, भाषण द्या, आवारात उभे राहून ओरडा. पण ब्रेकवर तुमचा पाय नको.”

“तुला कुंड्या दिसल्या नव्हत्या, तरी मी तुला गाडीतून उतरवलं नव्हतं!”

“नव्हतं. कारण तेव्हा शेजारी तुम्ही होता.”

मास्तर रागावले. राग हा उत्तर नसलेल्या माणसाचा जुना दोस्त. ते तरातरा बाहेर पडले. पडताना डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला. बाईंनी थेंबांची बाटली पर्समध्ये ठेवली, डॉक्टरांना हात जोडले आणि मागोमाग निघाल्या.

आवारात गाडी उभी होती. बाई चालवायच्या सीटवर बसल्या, मास्तर सवयीने डावीकडे. दार लावलं. बाईंनी पट्टा बांधला, आरसा नीट केला, सीट पुढे घेतली. मास्तर समोर बघत होते. त्यांच्या मनात हिशेब चालला होता. घर जवळच आहे. रस्ता पाठ आहे. बाई सांभाळून चालवतात. मान जरा जास्त वळवली की झालं. कुंड्यावालीने काय, कागद बघितला. इथे गाडीत कोण बघतंय? दोन शब्द म्हणायचे, तीस वर्षं म्हटलेले, आणि जायचं घरी. उद्याचं उद्या.

बाईंनी किल्ली घातली, पण फिरवली नाही.

“उजवी माझी,” त्या म्हणाल्या.

आणि थांबल्या.

मास्तरांचं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते. पाय ब्रेकवर होता. बाहेर एक आई आपल्या छोटीचं बोट धरून दवाखान्यात शिरत होती, गाडीच्या डावीकडून. त्या दोघी गाडीच्या नाकापर्यंत आल्या तेव्हा मास्तरांना दिसल्या. छोटीच्या हातात फुगा होता. फुगासुद्धा आधी दिसला नव्हता.

बाई वाट बघत होत्या. त्यांनी घाई केली नाही, त्यांच्याकडे बघितलंही नाही. या गाडीत डावीकडे लपून बघण्याचे त्यांचे दिवस आता संपायचे होते, पण ते मास्तरांनीच संपवायला हवे होते.

“डावी...” मास्तर म्हणाले. मग त्यांनी पाय ब्रेकवरून काढला. “डावी कुणाचीच नाही. किल्ली काढ. उतर.”

बाईंनी किल्ली काढली.

“त्या दिवशी परीक्षा नव्हती गं,” मास्तर म्हणाले. “ते आजोबा मला दिसलेच नव्हते.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्याच दिवशी कळलं. तुम्ही मला पास केलंत ना, तेव्हाच. आजवर तुम्ही कुणाला पहिल्या फटक्यात पास केलंय?”

मास्तरांना हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळ्यांना पाणीही आलं. हे बाहेरचं पाणी आहे, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि बाहीने पुसून टाकलं. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग बाईंनी भाच्याला फोन लावला. “गाडी घेऊन जायला ये. हो, दोघंही ठीक आहोत. आणि उद्यापासून माझी शिकवणी तुझ्याकडे.”

मास्तरांनी फोन ओढून घेतला. “आणि मी मागे बसणार आहे! मागून सगळं दिसतं मला, सांगून ठेवतो!” पलीकडे भाच्याने कपाळाला हात लावला असणार, ते फोनवर दिसत नाही म्हणून बरं.

दोघं चालत निघाली. ऊन छान पडलं होतं, रस्त्यावर वर्दळ होती. फाटकापर्यंत बाई नेहमीप्रमाणे मास्तरांच्या उजवीकडून चालत होत्या. तीस वर्षं त्या तशाच चालत आल्या होत्या, कारण लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा मास्तरांनी तसं सांगितलं होतं. रस्त्याच्या कडेला आल्यावर त्या मागून वळल्या आणि त्यांच्या डाव्या अंगाला येऊन उभ्या राहिल्या. कोपरापाशी हात धरला. मास्तरांना हात जाणवला, बाई दिसल्या नाहीत. सवयीने ते मान वळवून बघायला निघाले.

“समोर बघा,” बाई हळूच म्हणाल्या. “डावी माझी.”

मास्तरांचा उजवा पाय फुटपाथच्या कडेवर घट्ट रोवलेला होता. समोरून एक सायकल गेली, एक टेम्पो गेला. त्यांनी उजवीकडे नीट बघून घेतलं.

“उजवी माझी,” ते म्हणाले, आणि पाय उचलला.